कॅमेऱ्यापुढचा माणूस

गेल्या हिवाळ्यात बडोद्याला एका छायाचित्रण कार्यशाळेला जाण्याचा योग आला. हौशी मंडळींसाठी भरवलेली ही दोन दिवसांची कार्यशाळा होती. पत्रकावर ‘फिगर फोटोग्राफी’ असे शब्द होते. मुख्याध्यापकाच्या रजेचा अर्ज संस्थेच्या कार्यवाहांकडे जातो. तो लिहिताना मी त्यातला पहिला शब्द गाळला आणि नुसते ‘फोटोग्राफीची कार्यशाळा’ एवढेच लिहिले. घरीही तेच सांगितले. पन्नाशी ओलांडलेल्या आणि इतिहास शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाला एका शब्दाची अशी चोरटी भीती का वाटावी, याचा विचार कोल्हापूर-अहमदाबाद गाडीत बसून मी बराच वेळ करीत होतो.

प्रत्यक्षात लाजण्यासारखे तिथे काहीच नव्हते. एका जुन्या घराची माडी, उत्तरेकडच्या खिडकीतून येणारा मऊ उजेड, मागे टांगलेले काळे कापड आणि पुढे लाकडी मंचक. मंचकावर सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ बसले होते. कमरेला पांढरा पंचा, बाकी अंग उघडे. तरुणपणी आखाड्यात घाम गाळलेले असावेत, कारण मांस ओसरले तरी खांद्यांची ठेवण मोडली नव्हती. आम्ही बाराजण त्यांच्याभोवती अर्धवर्तुळात उभे होतो. शिकवणारे सांगत होते, खांद्याच्या फऱ्यावर उजेड कसा घसरतो ते पाहा, मणक्याची रेघ पाहा, चेहरा क्षणभर विसरा. आम्ही विसरलो. वीस-वीस मिनिटे ते गृहस्थ एका बैठकीत निश्चल राहत, मग पाच मिनिटे पाय मोकळे करीत आणि पुन्हा बसत.

रात्री लॉजवर परतल्यावर दिवसभराची चित्रे पाहिली. दोनशेच्या वर भरली. पाठ, मान, घोटा, मनगटावरची शीर. दोन-तीन तर मला खरोखरच चांगली वाटली. पण चेहरा एकातही नव्हता. दिवसभर ज्या माणसाकडे टक लावून पाहत होतो त्याचे नावही मी विचारलेले नव्हते, हे मग ध्यानात आले. रोज सकाळी हजेरीपत्रके तपासण्यात ज्याची तीस वर्षे गेली त्याला ही गोष्ट जरा लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यशाळेला अवकाश होता म्हणून कलाभवनाच्या बाजूला चालत गेलो. मराठी माणसाला बडोद्यात परके वाटत नाही. दांडिया बाजारात तर मराठी पाट्या आणि मराठी हाका अजून कानी-डोळी पडतात. कलाभवनाची वास्तू आज विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेकडे आहे. तिच्यासमोर उभे राहिल्यावर मनात आले की कॅमेऱ्यामागे उभ्या राहिलेल्या माणसांचा इतिहास या गावात पुष्कळ लिहिला गेला. कॅमेऱ्यापुढे जे उभे राहिले त्यांचा कुणी लिहिला?

कलाभवन १८९० साली सुरू झाले. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आलेल्या सयाजीराव महाराजांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार १८८१ च्या अखेरीस मिळाले, आणि पुढच्या दहा वर्षांत त्यांनी शिक्षणाची जी कामे हाती घेतली त्यांतले हे एक. पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्राचे मोठे जाणकार. रंगकाम, यंत्रविद्या, चित्रकला, शिल्पकाम, वास्तुरचना असे हाताने करायचे विषय मातृभाषेतून शिकवावेत, असा त्यांचा आग्रह होता. (याच गज्जरांनी पुढे मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याच्या तोंडाला फासलेले डांबर रासायनिक युक्तीने काढून दिले. डांबर फासणारे चापेकर बंधू होते. इतिहासात माणसे अशी एकमेकांच्या वाटेत येतात.)

या कलाभवनात पहिल्याच वर्षी एक वीस वर्षांचा विद्यार्थी दाखल झाला. धुंडिराज गोविंद फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७० चा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८८५ साली प्रवेश घेऊन चित्रकला शिकल्यावर तो थोरल्या भावाकडे, शिवरामपंतांकडे, बडोद्याला आला होता. इथे त्याने जलरंग, तैलरंग, मूर्तिकाम, वास्तुरचना असे जे मिळेल ते शिकून घेतले आणि १८९० मध्येच एक कॅमेरा विकत घेतला. आपण दादासाहेब फाळके म्हटले की एकदम ‘राजा हरिश्चंद्र’पाशी जातो. पण त्याआधीची वीस-बावीस वर्षे हा माणूस स्थिर छायाचित्र, काच, रसायन आणि छपाई यांत बुडालेला होता, आणि त्याचा ओनामा बडोद्यात गिरवला गेला. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्याने आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली. तिला सुवर्णपदक मिळाले आणि एका चाहत्याने खूश होऊन त्याला भारी किमतीचा कॅमेरा भेट दिला. गज्जरांनी त्याला रतलामला पाठवून तीनरंगी ब्लॉक आणि छपाईच्या इतर रीती शिकवून आणले, आणि परतल्यावर कलाभवनाचा फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायला मोकळी करून दिली. एखाद्या शिक्षकाने विद्यार्थ्याला यापेक्षा अधिक काय द्यावे? प्रयोगशाळेचे कुलूप विद्यार्थ्यांसाठी उघडताना मोडतोडीचा हिशेब आधी मनात येणाऱ्या माझ्यासारख्या मुख्याध्यापकांनी गज्जरांचे हे चरित्र जरूर वाचावे.

तेव्हा कॅमेरा होता, काळी खोली होती, गुरू होता, राजाश्रय होता. तरी एक गोष्ट ना गज्जर देऊ शकत होते ना महाराज. ती म्हणजे समोर येऊन बसणारा माणूस.

आज हे लक्षात येणे कठीण आहे, कारण आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि पोरेटोरे आपल्याच तोंडाचे फोटो दिवसातून दहादा काढतात. त्या काळी फोटोला बसणे हा एक प्रसंग होता. सरसाच्या लेपाच्या कोरड्या काचा १८८० च्या दशकात आपल्याकडे रुळू लागल्या होत्या. त्याआधी ओली काच असे. रसायन लावायचे, ती ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच धुवायचे. कोरड्या काचेने हा त्रास कमी झाला तरी घराच्या आतल्या उजेडात काही सेकंद स्तब्ध राहावेच लागे. हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावीत. जुन्या फोटोंतली आपली आजोबा-पणजोबा मंडळी इतकी ताठ आणि गंभीर का दिसतात याचे निम्मे उत्तर त्या लोखंडी काट्यात आहे. उरलेले निम्मे उत्तर त्यांच्या मनात होते.

मुंबईला ही विद्या फाळक्यांच्या पस्तीस वर्षे आधी पोचली होती. १८५४ साली तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला, आणि हरिश्चंद्र चिंतामण हे त्यातून तयार झालेले नाव पुढे व्यवसायात गाजले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही या सोसायटीतले हौशी छायाचित्रकार. आमच्यासारख्या हौशी लोकांचे ते आद्य पूर्वजच म्हणायचे. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन हे दोघे १८५६ पासून हौशी छायाचित्रकारांचा एक संग्रह मुंबईतून काढीत. याच जॉन्सनने १८६० च्या दशकात मुंबईतल्या नाना जातीजमातींच्या लोकांच्या चित्रांचे पुस्तक केले. त्याची एक युक्ती सांगण्याजोगी आहे. माणसे स्टुडिओत उभी करून त्यांची चित्रे घ्यायची आणि मग त्यांच्यामागे दुसरीकडे काढलेले देखावे जोडायचे. म्हणजे पुस्तकात माणूस जिथे उभा दिसतो तिथे तो कधी गेलेलाच नसे. पाठोपाठ सरकारी पातळीवर ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात निघाला. साडेचारशेहून अधिक फोटो. खाली मजकूर जातीचा, धंद्याचा, ती जात सरकारशी राजनिष्ठ आहे की नाही याचा. हजारो मैलांवरच्या वाचकाला माहिती मिळाली ती जमातीची. समोर बसलेल्या बहुतेकांचे स्वतःचे नाव मात्र त्या पानांवर नाही. माझ्या दोनशे चित्रांचा विचार मनात आला, तो इथे.

आता पुन्हा बडोद्याकडे येऊ. फाळके कलाभवनात आले त्याच सुमारास लक्ष्मीविलास राजवाडा पुरा होत होता, आणि त्याच्या दरबार हॉलसाठी राजा रविवर्मा चौदा पौराणिक चित्रे रंगवीत होते. महाराजांनी हे काम १८८८ मध्ये दिले. पात्रांना कोणता पेहराव द्यावा हे ठरवण्यासाठी रविवर्म्यांनी उत्तर हिंदुस्थानचा प्रवास केला आणि शेवटी दमयंती, सीता, द्रौपदी यांना साडी नेसवली. तेव्हापासून देवी म्हटले की ती साडीतच, हे आपल्या डोळ्यांत पक्के बसले. चित्रांतल्या या बायकांसाठी समोर कोण बसले? घरंदाज बाई परक्या पुरुषासमोर अशी बसणे त्या काळी अशक्य. गोव्याकडच्या कलावंतीण घराण्यांतल्या गायिका त्यांच्यापुढे बसल्याचे सांगतात, आणि अंजनीबाई मालपेकरांचे नाव त्यात घेतात. तपशिलांविषयी जाणकारांत मतभेद आहेत. पण व्यवहार उघड आहे. समाज ज्यांना घराबाहेर ठेवी त्यांचे चेहरे आणि हात उसने घेऊन देवी घडल्या. मग १८९४ साली रविवर्म्यांचा शिळाप्रेस निघाला आणि त्या देवी चार-चार आण्यांच्या तसबिरींतून घरोघरच्या देव्हाऱ्यांत जाऊन बसल्या. आमच्या सीमाभागात, बेळगाव-निपाणीकडच्या जुन्या घरांत या तसबिरी अजून आहेत. त्यांच्यापुढे हात जोडणाऱ्या किती आज्यांना आपण कुणापुढे हात जोडतो हे ठाऊक असेल? ठाऊक असते तर त्यांनी जोडले असते का, हा प्रश्न मी स्वतःपुरताच ठेवतो.

फाळके १८९५ च्या सुमारास व्यवसायासाठी गोध्र्याला गेले. फोटोचे दुकान चांगले चालले. मग प्लेग आला. १९०० च्या सुमारास त्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दोघेही गेले. तीस वर्षांचा हा माणूस उजाड होऊन बडोद्याला परतला आणि तिथे त्याने पुन्हा फोटोचा धंदा मांडला. तो चालला नाही. कारण गावात बोलवा उठली होती की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि फोटो काढलेला माणूस लवकर मरतो. चरित्रकारांनी असेही नोंदवले आहे की खुद्द राजघराण्यातल्या एका राजपुत्राने या भीतीने फोटो काढून घ्यायला नकार दिला होता. फाळक्यांनी दरबारात जाऊन फोटोग्राफीची बाजू मांडली आणि त्याचे मन वळवले. लोकांचे वळले नाही. शेवटी फाळके नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले.

ही हकिगत आपण नेहमी हसत सांगतो. भोळी माणसे, अडाणी समजुती, आणि त्यांच्याशी झगडणारा एकटा द्रष्टा. मीही वर्गात तशीच सांगत आलो. परंतु त्या सकाळी कलाभवनासमोर ती मला निराळी दिसली. ‘कॅमेरा जीव घेतो’ ही बोलवा १९०० च्या आसपासची आहे, हे विसरता कामा नये. १८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाला तेव्हापासून सामान्य माणसाच्या शरीराशी काय चालले होते? सरकारी अंमलदार आणि गोरे शिपाई घरात शिरत, काखेत आणि जांघेत गाठ चाचपत, स्टेशनावर बायकामाणसांना तपासणीसाठी उभे करीत, संशयितांना उचलून छावणीत नेत. पुण्यात या तपासणीचा संताप कोणत्या थराला गेला ते २२ जून १८९७ च्या रात्री रँडच्या खुनाने सर्वांना कळले. शिवाय मुंबईतल्या प्लेगच्या इस्पितळांचे, छावण्यांचे आणि तपासणी पथकांचे फोटो त्याच वेळी काढले जात होते. त्यांचे संग्रह आज उपलब्ध आहेत. म्हणजे हातात उपकरण घेतलेला एक परका माणूस येतो, आपल्या अंगाकडे निरखून पाहतो, आणि त्यानंतर घरातले माणूस परत येत नाही, हा त्या पिढीचा रोकडा अनुभव होता. त्या अनुभवाला त्यांनी आपल्या भाषेत कॅमेऱ्याचे नाव दिले. शक्ती शोषली जाते हे विज्ञान म्हणून चुकीचेच. पण निरखणारा आणि निरखला जाणारा यांत काहीतरी घेतले जाते आणि परत केले जात नाही, हे त्यांना जेवढे कळले होते तेवढे आम्हा बाराजणांना त्या माडीवर कळले नव्हते. हे माझे मत आहे. कागदोपत्री पुरावा मागाल तर तो सालांच्या जुळणीपलीकडे माझ्याजवळ नाही.

फाळक्यांचा पुढचा प्रवास सर्वश्रुत आहे. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात नकाशे आणि फोटो काढण्याची नोकरी, मग लोणावळ्याला ब्लॉक आणि छपाईचा कारखाना, तिथे रविवर्मा प्रेसचेच काम, मग विलायत आणि चलच्चित्र. पण समोरच्या माणसाची अडचण शेवटपर्यंत त्यांच्या पाठीस लागली. सिनेमाचा पहिला प्रयोग केला तो कुंडीतल्या वाटाण्याच्या वेलावर. रोज थोडे थोडे चित्रण करून महिनाभराने त्यांनी ‘अंकुराची वाढ’ दाखवली. वेल नाही म्हणत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामतीची जाहिरात दिली तेव्हा मात्र कुणी घरंदाज स्त्री आली नाही. वेश्यावस्तीत जाऊन विचारले, तिथेही नकार मिळाला. अखेर ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातला स्वयंपाकी अण्णा साळुंके हा तारामती झाला. रोहिदास स्वतःचा मुलगा भालचंद्र, पुढे १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मधला कृष्ण म्हणजे मुलगी मंदाकिनी. उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड परतवायला पत्नी सरस्वतीबाई. बाहेरचे कुणी येईना म्हणून हा गृहस्थ आपले घरच कॅमेऱ्यापुढे उभे करीत होता. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘हरिश्चंद्र’ लागला. त्याच साली ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला कॅमेऱ्यासमोर आल्या आणि कोंडी फुटली. आपल्या कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी १९२० च्या ‘सैरंध्री’त गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांना उभे केले, ते कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी नावे देऊन. म्हणजे बाई पडद्यावर आली, तिचे नाव मागेच राहिले.

अण्णा साळुंके यांच्याविषयी मात्र एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये त्यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या, आणि नंतर ते कॅमेरा चालवायला शिकून छायालेखक झाले. समोर उभा राहिलेला माणूस मागे जाऊन उभा राहिला. मला ही घटना सुवर्णपदकापेक्षा मोठी वाटते.

बडोद्यात दुसऱ्या एका रीतीने माणसे कॅमेऱ्यापुढे आपणहून आली, आणि ती गोष्ट मराठी वाचकांनी जवळजवळ विसरून टाकली आहे. उस्ताद जुम्मादादांचा आखाडा आणि त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांच्यामुळे हे शहर व्यायामाची पंढरी झाले होते. या वातावरणात दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ या नावाने दहा खंडांचा मराठी कोश सिद्ध केला. १९५० मध्ये त्याचा इंग्रजी अवतारही बडोद्याहूनच निघाला. मल्लखांब, जोर, बैठका, कुस्तीचे पेच, आसने असे सारे फोटोंसह. एकेका पेचाची अवस्था दाखवण्यासाठी दोन पहिलवान तसेच थांबून राहिले असतील. उघडे अंग, लंगोट, स्वच्छ उजेड, मागे काही नाही. ज्याला आज आम्ही पैसे भरून ‘फिगर फोटोग्राफी’ म्हणतो ते यांनी ज्ञानकोशाच्या कामापोटी केले आणि त्यात कुणाला अवघडल्यासारखे झाले नाही. कारण कमावलेले शरीर दाखवणे ही त्या माणसाचीच इच्छा होती. तिथे अंग दाखवणारा गुरू होता आणि पाहणारा शिष्य.

चित्रशाळेत हे नाते बसवायला आणखी वेळ लागला. मुंबईच्या जे. जे. मध्ये नग्न मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत, १९१९ च्या सुमारास सुरू झाला, म्हणजे फाळके तिथून बाहेर पडल्यावर तीसएक वर्षांनी. बडोद्याला विद्यापीठ झाले १९४९ साली, आणि ललितकला शाखा १९५० साली. तिथे इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे चित्रकला शिकवायला आले आणि त्यांच्या हाताखाली जी पिढी तयार झाली तिच्यात ज्योती भट्ट होते. चित्रकार आणि मुद्राचित्रकार असलेल्या या माणसाने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कॅमेरा घेऊन गुजरात-राजस्थानची खेडी पालथी घातली. बायका घराच्या भिंतींवर आणि अंगणात जी चित्रे काढतात ती पुसून जाण्याआधी टिपावीत, हा हेतू. त्यांचे फोटो पाहताना मला जाणवले की कित्येक ठिकाणी भिंत आणि ती रंगवणारी बाई एकाच चौकटीत आहेत. ती आपल्या कामापुढे, आपल्या दारात, आपल्या लुगड्यात उभी आहे आणि सरळ आपल्याकडे पाहते आहे. जॉन्सनने माणसामागे परके देखावे जोडले होते. शंभर वर्षांनी बडोद्याच्या या छायाचित्रकाराने माणसाला त्याच्या स्वतःच्या भिंतीपाशी उभे केले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती मला त्या भिंतींनाही मिळाल्यासारखी वाटली.

एवढे सगळे डोक्यात घेऊन मी माडीवर परतलो तेव्हा दुसऱ्या दिवसाची पहिली बैठक सुरू झाली होती. त्या दिवशी मी फारसे फोटो काढले नाहीत. दुपारी चहाच्या वेळी ते गृहस्थ खांद्यावर टॉवेल टाकून जिन्याजवळ बसले होते. मी जाऊन शेजारी बसलो. बडोद्यातलेच, मराठी, तीन पिढ्या तिथेच झालेल्या. चाळीस वर्षे चित्र शिकणाऱ्या मुलांपुढे बसतात. पाय बधिर झाला तर काय करता, असे विचारले. म्हणाले, “आकडे मोजायचे. हजारापर्यंत गेलं की मास्तर ‘रेस्ट’ म्हणतात.” मग थोडे थांबून त्यांनीच विचारले,

“साहेब, एक माझा फोटो काढाल?”

“अहो, कालपासून तेच तर चाललंय.”

“ते तुमचे. माझा एक काढा.”

कार्यशाळा आटोपल्यावर मंडळी सामान आवरीत होती. गृहस्थ आत जाऊन कपडे करून आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, गळ्यापर्यंत बटणे लावलेली, डोक्यावर काळी टोपी, केस ओल्या हाताने चापून बसवलेले. काळे कापड त्यांनी काढायला लावले. “पाठीमागे उजेडाची भिंतच असू द्या,” म्हणाले. खुर्चीवर ताठ बसले, दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले आणि समोर पाहिले. अगदी आमच्या आजोबांच्या फोटोतल्यासारखे. मानेमागे लोखंडी काटा नव्हता एवढाच फरक. शिकवणाऱ्यांनी ही बैठक पाहिली असती तर त्यांना ती मुळीच आवडली नसती. मी तीन फोटो घेतले, त्यांना दाखवले, त्यांनी दुसरा पसंत केला.

गावी आल्यावर त्याच्या दोन मोठ्या प्रती करून घेतल्या. एक चौकट करून त्यांना पाठवली, दुसरी माझ्याजवळ आहे. पत्ता मी निघताना माझ्या वहीत मागितला होता. लिहून घेतो म्हटले तर त्यांनी वही आणि पेन माझ्या हातातून घेतले, मांडीवर ठेवले आणि पहिल्या ओळीत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे सावकाश, सुटे सुटे लिहिले. ते इथे देत नाही. छापू का, असे त्यांना मी विचारलेले नाही.